आत्याबाईंची पदं आणि फोनातला तानपुरा



भाद्रपद शुद्ध पंचमी जवळ आली, की आपल्या सगळ्यांची एकच धांदल सुरू होते. दशलक्षणाच्या दहा संध्याकाळी कोणती आरती म्हणायची, कोणतं भजन, आणि कुठल्या चालीवर? पूर्वी यासाठी एक वही आणि चाल माहीत असलेली एक जाणती बाई लागायची. आता यूट्यूब लागतं. यात वाईट काहीच नाही. साखऱ्यात बसून गाणं शिकायचं तर सेनगाव नाहीतर हिंगोली गाठा, तिथं शिकवणारं कुणी शोधा, आणि तोवर चुलीवरचं कोण बघणार? फोनानं ही अडचण पुष्कळ कमी केली.

भक्तामर स्तोत्राचंच घ्या. आपल्या परंपरेत त्याचे 48 श्लोक. सगळे वसंततिलका वृत्तात, प्रत्येक चरणात 14 अक्षरं. म्हणजे एका श्लोकाची चाल जिभेवर बसली, की बाकीचे 47 त्याच वाटेनं चालतात. कल्याणमंदिर स्तोत्रही मुख्यतः याच वृत्तात आहे. यूट्यूबवर वेग 0.75 किंवा 0.5 करता येतो. गाणं सावकाश होतं, पण सूर खाली येत नाही. जोडाक्षरं कुठं तोडायची, श्वास कुठं घ्यायचा, हे त्या सावकाश ऐकण्यातच कळतं.

दुसरी सोय तानपुऱ्याच्या ॲपची. बायकांना साधारण काळी चार किंवा काळी पाच सोयीची पडते. ती पट्टी लावायची आणि भांडी आवरताना नुसता 'सा' धरायचा. महिनाभरात आवाज जागेवर येतो.

तिसरी गोष्ट खास आपली. चामड्याचा पट्टा, पाकीट आपण मंदिराबाहेर काढून ठेवतो. तबला-ढोलकीवर मात्र चामडंच असतं. काही ठिकाणी ते चालवून घेतात, काहींच्या मनाला पटत नाही. ॲपमधला तबला वाजवला तर हा प्रश्नच उरत नाही.

एवढं सगळं हाताशी आल्यावर मला वाटलं, आता आत्याबाईंची पदंही अशीच शोधून नीट बसवावीत. आत्याबाई म्हणजे यांच्या आत्या. वय ऐंशीच्या पुढे. वर्धमानाचा पाळणा, पारण्याच्या दिवशीचं पद, मुलगी सासरी निघताना म्हणायचं पद, आणि कुणी अंथरुणाला खिळलं की उशाशी बसून म्हणायचं एक पद, अशी तीसेक पदं त्यांना तोंडपाठ आहेत. वही नाही, कारण त्यांना लिहिता येत नाही.

मी पाळण्याची पहिली ओळ यूट्यूबवर घातली. पाळणे खूप निघाले, पण हिंदी, आणि बरेचसे सिनेमाच्या चालीवर. दुसरं पद घातलं, तिसरं घातलं. त्यातलं एकही निघालं नाही.

तेव्हा पोटात खड्डा पडला. कारण गेल्या दशलक्षणात आत्याबाईंना एका श्वासात पूर्ण ओळ होत नव्हती. ओळीच्या मध्येच थांबायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि पुढचा शब्द आम्ही सांगावा म्हणून आमच्याकडे बघायच्या. आमच्यातल्या एकीलाही तो येत नव्हता.

मराठीत जैन पदांचा ठेवा काही कमी नाही. दहिगावला ज्यांची समाधी आहे त्या महतीसागर महाराजांनी मराठीत अभंग रचले, कीर्तनं केली. छापलं गेलं तेवढं ग्रंथात राहिलं. पण चाल ग्रंथात राहत नाही. ती बायकांच्या गळ्यातून पुढे येते. शिरड शहापूरला मल्लिनाथांच्या दर्शनाला वेगवेगळ्या गावच्या बायका एकत्र आल्या, की एकच आरती दोन-तीन चालींत ऐकू येते, ती यामुळेच.

मग मी फोन घेऊन बसले. आत्याबाई म्हणाल्या, "काय करायलीस गं त्या फोनात?"

म्हटलं, "तुमची पदं भरून ठेवायलेय, आत्याबाई."

"रेडिओवर लावतीस का काय? मी देवापुढं म्हणलेलं हाय ते. लोकांनी वा वा करावी म्हणून नाही."

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. मान कषाय काय असतो, हे पोथीत वाचणं वेगळं आणि किती जणांनी ऐकलं याचा आकडा रोज उघडून बघणं वेगळं. शेवटी आमचं ठरलं. त्यांचं नाव नाही, फोटो नाही, सगळ्यांसाठी कुठं टाकायचं नाही. घरच्या लेकी-सुनांना आणि मागेल त्या साधर्मी बाईला द्यायचं. तेवढ्यावर त्या तयार झाल्या.

पहिल्या दिवशी मी ॲपवर दादरा लावला. सहा मात्रांचा, पाळण्याला बरा वाटेल म्हणून. पण आत्याबाई ओळीच्या शेवटी बाळाला झोका देऊन क्षणभर थांबतात, मग पुढचं उचलतात. ॲप काही कुणासाठी थांबत नाही. ताल बंद केला. तानपुराही बंद केला. त्यांनी आपल्या सुरात सुरुवात केली, आणि तो सूर कोणता ते मी नंतर ॲपवर शोधलं. पांढरी तीन निघाली. आता मी शिकताना तीच पट्टी लावते.

आपल्याला अत्तिमब्बेची गोष्ट ठाऊक आहे. दहाव्या शतकातली ही श्राविका. तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या 1000 प्रती ताडपत्रावर लिहवून घेतल्या आणि वाटल्या, म्हणून ती दानचिंतामणी. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांतलं शास्त्रदान ते हेच. आत्याबाईंच्या पाळण्याच्या आतापर्यंत अकरा प्रती झाल्या आहेत, अकरा फोनांत. लातूरला दिलेली आमची पुतणी तो पाळणा म्हणून बाळाला निजवते.

तुमच्याही घरी अशी एखादी आत्या, आजेसासू किंवा मावशी असेल, तर एवढं करा. खोलीतला पंखा बंद करा. गाद्या-गोधड्या असलेली खोली घ्या, आवाज घुमत नाही. पद सुरू होण्याआधी पाच-सहा सेकंद सगळ्यांनी गप्प राहा. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तेवढ्या शांततेवरून मागची घरघर ओळखतं आणि कमी करतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दाबला जातो. पद संपल्यावर शब्द सावकाश बोलून घ्या, आणि ते कधी म्हणतात, कुणाकडून शिकलात, हेही विचारा. हक्काची भीती बाळगू नका. आपल्या कायद्यात कवीच्या निधनानंतर 60 वर्षांनी रचना सगळ्यांची होते, आणि ही जुनी पदं त्याच्या कितीतरी आधीची. सिनेमाच्या चालीवरचं किंवा दुसऱ्याच्या तयार संगीतावरचं भजन मात्र यूट्यूबवर टाकलं तर अडतं.

आत्याबाईंची सतरा पदं भरून झाली आहेत. उशाशी म्हणायचं पद राहिलंय. ते उगाच म्हणत नाहीत, असं त्या म्हणतात. मी अजून विचारते आहे.

दशलक्षण येण्याआधी तुम्ही एक तरी पद भरून घ्या.

जय जिनेंद्र.