घोडा आणि त्याची भाषांतरे

इंग्रजीतील ‘हॉर्स’, फ्रेंचमधील ‘शव्हाल’ आणि मराठीतील ‘घोडा’ हे तीन शब्द कोशात एकमेकांसमोर निश्चिंतपणे उभे असतात. तबेल्यापुरते ते खरेही आहे. शब्द तबेल्याबाहेर पडला, लक्षणेने दुसऱ्या वस्तूंवर स्वार झाला, की तिन्ही भाषांच्या वाटा फुटतात.

जालना जिल्ह्यातील असई हे गाव इतिहासाला ठाऊक आहे ते २३ सप्टेंबर १८०३ च्या लढाईमुळे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजा आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी लढल्या. शिंद्यांच्या कवायती पलटणी द बॉयन आणि पेराँ या फ्रेंचभाषक सेनानींनी घडविल्या होत्या. त्या दिवशी त्यांचे नेतृत्व पोलमन या जर्मनभाषकाकडे होते. त्या काळच्या बंदुकीत गारगोटी धरून ठिणगी पाडणारा, मागे ओढून सोडावयाचा एक लोखंडी भाग असे. मराठीत तो ‘घोडा’. इंग्रजीत तो ‘कॉक’, म्हणजे कोंबडा, आणि जर्मनमध्येही कोंबडाच. फ्रेंचमध्ये मात्र तो ‘शियँ’, म्हणजे कुत्रा. लोखंडाच्या एकाच तुकड्यात तीन प्राणी! कोणाला त्यात उसळी दिसली असावी, कोणाला चोच, कोणाला चावा. (आजच्या बातम्यांत ‘घोडा दाबला’ असे छापतात, दाबतात तो चाप. असो.) येथे शब्दाला शब्द ठेवणारा अनुवादक बंदुकीतून कुत्रा सोडील.

कधी उपमा अनपेक्षितपणे जुळतेही. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती आपली ‘घोडी’. इंग्रजीला तेथे पूल दिसला. फ्रेंच व्हायोलिनवर मात्र ‘शव्हाले’ आहे, म्हणजे लहानसा घोडाच. आणि चित्रकाराचे चित्र पेलणारी चौकटही ‘शव्हाले’च. भार पाठीवर घेऊन स्थिर उभे राहणे हा गुण दोन्ही भाषांनी उचलला. विहिरीवरची पाच ‘हॉर्सपॉवर’ची मोटर घ्या. इंग्रजी हॉर्सपॉवर सुमारे ७४६ वॅटची; फ्रेंचांचा ‘शव्हाल-व्हापर’, म्हणजे वाफेचा घोडा, सुमारे ७३५.५ वॅटचा. भाषांतरात घोडा थोडा रोडावला, असे गमतीने म्हणता येईल.

मला अधिक विचारात पाडतो तो ‘घोड’ हा पूर्वपद होणारा घोडा. ‘घोडचूक’ म्हणजे मोठी, ढोबळ चूक. इंग्रजीत ‘हॉर्स-रॅडिश’ हा जाडाभरडा, तिखट मुळा. फ्रेंचमध्ये जबर ताप म्हणजे ‘घोड्याचा ताप’ आणि जालीम औषध म्हणजे ‘घोड्याचे औषध’. येथपर्यंत तिन्ही भाषा एकमेकींना ओळखतात. मग येते ‘घोडनवरी’. लग्नाचे रूढ वय उलटलेली मुलगी, इतकाच कोशातला अर्थ. ‘घोडनवरा’ हाही शब्द आहे, परंतु तो सहसा हसण्यावारी जातो. ‘घोडनवरी’ घराच्या ओसरीवर, मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारला जातो. कायद्याने मुलीचे लग्नाचे किमान वय अठरा आहे. हा शब्द मात्र पुष्कळ घरांत त्याआधीच उच्चारला गेला आहे. शिक्षण अर्धवट राहिलेल्या, आता संसार सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्या कित्येक वाचक स्त्रियांना तो कोशात पाहावा लागणार नाही.

याचे भाषांतर कसे करावे? इंग्रजी ‘ओल्ड मेड’मध्ये वय येते, जनावर जाते. फ्रेंचमध्ये पंचविशीपर्यंत अविवाहित राहिलेली मुलगी संत कॅथरिनच्या डोक्यावर टोपी चढविते, असा वाक्प्रचार आहे; २५ नोव्हेंबरला तिला खरोखर टोपी घालून मिरविण्याची प्रथाही होती. तेथे टोमणा आहे, पण तो सणात गुंडाळलेला. मराठवाड्यातील एखाद्या कथेत आत्याबाई पुतणीला ‘घोडनवरी’ म्हणत असतील, तर मी तो शब्द परभाषेतही तसाच ठेवीन, आणि पुढच्या वाक्यात पुतणी पुस्तक मिटून आत गेली की तेथेच बसून राहिली, ते अगदी नेमके उतरवीन.