सहांतले चार

मारतहळ्ळीच्या पुलाखालून रोज सकाळ-संध्याकाळ जाणाऱ्या माणसाला वेळेची किंमत निराळी शिकवावी लागत नाही. आम्ही त्या अचल प्रवाहात २२ वर्षे काढली. नव्याने आलेले मराठी पाहुणे इंग्रजी पाटी वाचून येथील नावात 'मराठा' शोधतात आणि शहाजीराजांची बंगळूरची जहागीर आठवून सद्गदित होतात. कन्नड पाटीवर स्वच्छ 'मारतहळ्ळी' लिहिलेले आहे, हे आम्ही त्यांना सांगत नाही. परमुलखात माणसाला एवढा दिलासा असू द्यावा.

गेल्या श्रावणात मात्र आमचे ते जाणे-येणे संपले. संगणकाचे कार्यक्रम हाताने चालवून पाहावयाचे आणि त्यांतील चुका हुडकावयाच्या, हा आमचा व्यवसाय. ते काम आता यंत्रच करील, असे कचेरीत आम्हांला अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले. इतक्या सौजन्याने, की निरोपाच्या चहाचे आभार आम्हीच मानून आलो. तेव्हापासून दुपारच्या वेळी आम्ही घरात असतो, आणि शाळेतून परतलेले चिरंजीव काय करतात हे आम्हांला प्रथमच दिसू लागले आहे.

चिरंजीव नववीत आहेत आणि पोकेमॉनच्या लढाया खेळतात. हा खेळ फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात निघाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. इतके ऐकून आम्ही तो पोरखेळ ठरविला होता. घरी बसण्याची पाळी आली नसती तर हे मत आम्ही मरेपर्यंत सुखाने बाळगले असते.

स्पर्धेतील लढाईची रीत अशी. प्रत्येकाने सहा प्राण्यांचा संघ आणावयाचा. दोघांनी एकमेकांचे सहा पाहावयाचे आणि ९० सेकंदांत त्यांतले चार निवडावयाचे. मैदानात एका वेळी दोन. बुद्धिबळात समोरच्याची खेळी पाहून आपण विचार करतो. येथे दोघेही आपापला हुकूम एकाच वेळी, गुप्तपणे देतात. म्हणजे पटावर जे आहे त्याच्याशी लढून भागत नाही, समोरच्याच्या डोक्यात जे आहे त्याच्याशी लढावे लागते. आणि समोरच्याच्या डोक्यात पुष्कळदा असते ते चलन. आज सगळे काय वापरतात, हे त्याला ठाऊक असते. ते त्याला ठाऊक आहे, हे आपल्याला ठाऊक असते.

या चलनाचा इतिहास चिरंजीव ज्या गांभीर्याने सांगतात, त्या गांभीर्याने त्यांनी पेशवाई वाचली असती तर गुणपत्रिका निराळी दिसली असती. काही प्राणी मैदानात येताच पाऊस पाडतात. पावसात पाण्याचे वार दीडपट होतात आणि काही जलचरांचा वेग दुप्पट होतो. एके काळी असा पाऊस लढाई संपेपर्यंत पडत असे. २०१३ च्या आवृत्तीत तो पाच डावांवर आणला, आणि एका फटक्यात पावसावर जगणाऱ्यांचे दिवस फिरले. पुढे २०१८ च्या सुमारास इन्सिनरोअर नावाच्या, पैलवानाच्या थाटात वावरणाऱ्या वाघोबाचे राज्य आले. तो नुसता मैदानात उतरला की समोरच्या दोघांच्या अंगातले बळ कमी होते. मग लोकांनी मायलोटिक नावाचा सर्पाकार जलचर बाहेर काढला. त्याला कोणी असा धाक घातला की तो खचण्याऐवजी चवताळतो आणि त्याचा विशेष मारा दुप्पट होतो. मायलोटिक दिसला की वाघोबाला आणावे की नाही, याचा विचार करावा लागे. आणि सर्वत्र वेगाचा बोलबाला झाला की कोणीतरी 'ट्रिक रूम' मांडतो. तिच्यात पाच डाव सर्वांत मंद प्राणी सर्वांत आधी वार करतो.

यावर आमच्या शेजारच्या सेवानिवृत्त कन्नड गृहस्थांना मत देण्याचा मोह आवरला नाही. त्यांना कोठूनही १९७४ ला पोहोचता येते. मुंबईने १९५८-५९ पासून सलग १५ वर्षे रणजी करंडक कोणाला शिवू दिला नव्हता. त्या वर्षी उपान्त्य सामन्यात, याच बंगळुरात, विश्वनाथांनी शतक ठोकले, प्रसन्नांनी गावसकरांचा त्रिफळा उडविला आणि मुंबई गेली. "तुमची मुंबई वाईट खेळली नाही," ते आम्हांला दरवर्षी समजावतात, "पण १५ वर्षांत ती सगळ्यांना पाठ झाली होती." आम्ही सातारचे, मुंबईचा पराभव आमच्या अंगाला लागण्याचे कारण नाही. तरी दरवर्षी लागतो.

चिरंजीवांचा आदर्श दक्षिण कोरियाचे से जुन पार्क. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत, वॉशिंग्टनमध्ये, इतर बलदंड प्राणी घेऊन आले असता या गृहस्थांनी संघात पाचिरिसू नावाची चिमुकली खार घेतली. ती शत्रूचे वार स्वतःवर ओढून घेई. त्यांचा मोठा ग्याराडोस पाण्यातला, विजेला भिणारा. खारीला मात्र विजेचा वार लागत नाही, उलट त्याने तिची प्रकृती सुधारते. पार्क जगज्जेते झाले. चिरंजीवांनीही मग खार आणली आणि लागोपाठ सात सामने हरले. "खार त्या वर्षासाठी होती, बाबा," ते म्हणाले. आठ महिन्यांपूर्वी आम्ही हे वाक्य एवढे मन लावून ऐकले नसते.

मात्र आमचा जीव जडला तो एका कासवावर. टॉरकोल हे त्याचे नाव. पाठीत निखारे, वेगाचा आकडा अवघा २०. चिरंजीवांनी ते नऊ वर्षांचे असल्यापासून सांभाळलेले. खेळात ते २००२ पासून आहे, आणि कितीतरी वर्षे त्याला स्पर्धेत फारसे कोणी विचारीत नव्हते. २०१६ च्या आवृत्तीत त्याला मैदानात येताच ऊन पाडण्याची शक्ती मिळाली. कासव होते तितकेच मंद राहिले, पण 'ट्रिक रूम'मध्ये तोच मंदपणा त्याला पहिला वार मिळवून देऊ लागला. हे ऐकून आम्ही इतके सुखावलो की सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून डोकावून नोकरीचे पत्र आले काय, असे विचारले.

परंतु गेल्या महिन्यात चिरंजीवांनी कासवाला संघातून वगळले. वापराचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात. ते त्यांनी आम्हांला दाखविले. "आता याची जागा बसत नाही." त्यांचा स्वर अत्यंत सौजन्याचा होता. तो स्वर आम्ही पूर्वी ऐकला होता. आम्ही काही न बोलता गच्चीत जाऊन वाळलेले कपडे काढले. रात्री जेवताना चिरंजीव दोन-तीनदा आमच्या तोंडाकडे पाहत होते, आणि एकदा त्यांनी, न सांगता, आमच्या पानात वाढून ठेवलेली पोळी गरम करून आणली.

काल सायंकाळी त्यांनी हाक मारली. पडद्यावर दोन्हीकडचे सहा-सहा प्राणी आणि उलटे धावणारे ९० सेकंद. आमच्या बाजूला सहाव्या जागी कासव बसलेले होते. समोरच्याकडे पेलिपर, म्हणजे पाऊस पाडणारा पक्षी.

"बाबा, तुम्ही निवडा. सुरुवातीला कोण?"

"अरे, समोर पाऊस आहे. पावसात कासवाच्या आगीचे काय होणार?"

"दोघे एकदम उतरले तर जो वेगवान त्याचे हवामान आधी येते, आणि जो मंद त्याचे नंतर."

हे कळावयास आम्हांला जरा वेळ लागला. घड्याळात १४ सेकंद उरली होती. आम्ही कासवावर बोट ठेवले.

पक्षी उतरला, कासव उतरले. पडद्यावर सरी कोसळू लागल्या. चिरंजीवांनी आमचे मनगट धरून ठेवले होते. मग पाऊस थांबला आणि ऊन पडले.