बिनमातीची बाग आणि तिचा राखणदार

माती रोपाला अन्न देते हे सर्वांना ठाऊक असते. ती वेळही देते, हे सहसा लक्षात येत नाही. कुंडीला दोन दिवस पाणी घालायचे राहिले तरी मातीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर तुळस तग धरते. खत थोडे जास्त पडले तर चिकणमातीचे आणि शेणखताचे कण ते अडवून ठेवतात व सावकाश सोडतात. सामू, म्हणजे पीएच, हाही माती एका रात्रीत बदलू देत नाही. हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे बिनमातीच्या शेतीत, ही सांभाळून घेणारी व्यवस्थाच नसते. मुळे थेट अन्नद्रव्यांच्या द्रावणात असतात. त्यामुळे रोपे झपाट्याने वाढतात, जागा कमी लागते आणि चुकीची शिक्षाही तितक्याच झपाट्याने मिळते. फ्लॅटच्या गॅलरीतल्या अशा बागेची सगळी आखणी, टाकीच्या आकारापासून पंप चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत, एकाच प्रश्नाभोवती फिरते: माती देत होती ती मुदत आता कुठून आणायची?

या विद्येचा पाया जुना आहे. १८६०च्या दशकात जर्मनीत युलिउस फोन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवून दाखवली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी १९३०च्या दशकात तिला प्रयोगशाळेबाहेर काढले. त्याच विद्यापीठातील होगलंड आणि अर्नन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेले द्रावणाचे प्रमाण आजही संशोधनात आधाराला घेतले जाते. भारतातही सुरुवात बरीच आधी झाली. शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून बंगालमध्ये प्रयोग केले. महागडी यंत्रे टाळून वाळू-खडीच्या मिश्रणात भाजी घेण्याची त्यांची रीत ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली जाते. साधने साधी ठेवण्याचा त्यांचा आग्रह आजच्या गॅलरी-बागायतदारानेही मनावर घ्यावा इतका मोलाचा आहे.

पहिला विचार पाण्याचा. मुंबईच्या नळाला भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचे पावसाचे पाणी येते. त्यात क्षार कमी असतात, म्हणून त्यात जे मिसळावे तेवढेच रोपाला मिळते. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधीच असते, ते हिशेबात धरता येते. खरा त्रास बायकार्बोनेटचा. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हवा असतो आणि बायकार्बोनेट तो सतत वर ढकलत राहते. सामू सातच्या पुढे गेला की लोह विरघळलेल्या रूपात टिकत नाही. कोवळी पाने शिरांच्या मधे पिवळी पडतात आणि बाग करणारा त्यावर आणखी खत ओततो. इथे उपाय खताचा नसतो, आम्लाचा असतो. ज्यांच्याकडे पाणी फारच जड आहे त्यांनी आरओचे किंवा गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी निम्मे मिसळावे.

अन्नद्रव्यांबाबत एक चूक फार ठिकाणी दिसते. कृषी सेवा केंद्रात ठिबकसाठी मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत आणून पाण्यात टाकले जाते, आणि पंधरा दिवसांत बाग रुसते. या खतातील नत्राचा मोठा हिस्सा युरियाच्या रूपात असतो. मातीतील जिवाणू युरियाचे रूपांतर करून तो रोपाला घेण्याजोगा करतात. टाकीत तेवढे जिवाणू नसतात. शिवाय या खतात कॅल्शियम अजिबात नसते, त्यामुळे लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपतात. बिनमातीच्या बागेत नत्र मुख्यतः नायट्रेटच्या रूपात द्यावा लागतो, आणि कॅल्शियम नायट्रेट वेगळे ठेवावे लागते. दाट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट किंवा फॉस्फेट एकत्र आले की पांढरा साका तळाला बसतो आणि तो रोपाला कायमचा दुरावतो. म्हणूनच बाजारात ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या मिळतात: आधी एक पूर्ण टाकीभर पाण्यात ढवळायची, मगच दुसरी. द्रावणाची ताकद ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, मोजणाऱ्या मीटरने मोजतात. पालेभाज्यांना साधारण १.२ ते १.८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर, टोमॅटोला त्याहून बरीच जास्त.

मात्र आपल्याकडे पीक बहुतेक वेळा दगावते ते खतामुळे नाही, उन्हाळ्यामुळे. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण साडेसातवर येते. त्याच वेळी तापलेल्या मुळांची श्वसनाची गरज वाढलेली असते. मागणी वर, पुरवठा खाली. या कोंडीत पिथियम हा पाण्यातून पसरणारा बुरशीसारखा रोगजंतू शिरतो. निरोगी मूळ पांढरे, कडक आणि वासरहित असते. पिथियमग्रस्त मूळ तपकिरी होते आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्याएवढी शीर उरते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. त्या अवस्थेला औषध शोधण्यापेक्षा टाकी धुऊन नव्याने लावणे बरे. प्रतिबंध मात्र सोपा आहे. टाकी बाहेरून पांढरी असावी म्हणजे तापत नाही, आतून अपारदर्शक असावी म्हणजे शेवाळ धरत नाही, आणि पश्चिमेच्या उन्हात तर ती मुळीच नसावी. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये लेट्यूसचा हट्ट सोडून पुदिना घ्यावा.

आता पद्धतीची निवड. पीव्हीसी पाइपांच्या उतरत्या रांगा, त्यांतून सतत वाहणारा द्रावणाचा पातळ थर आणि खाली पंप, हे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते. इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी विकसित केलेली ही पद्धत व्यावसायिक हरितगृहाला उत्तम, गॅलरीला नाही. वीज गेली आणि पंप थांबला की भर उन्हात तास-दोन तासांत पाने मान टाकतात. याच्या दुसऱ्या टोकाला हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांची रीत आहे: झाकणबंद डब्यात द्रावण भरायचे, झाकणाच्या भोकात जाळीची कुंडी बसवायची आणि सोडून द्यायचे. रोप पाणी पिते, पातळी उतरते, मधल्या ओलसर पोकळीत हवा घेणारी मुळे फुटतात. लेट्यूसच्या एका गड्ड्याला साधारण चार लिटर द्रावण पुरते. पंप नाही, वीज नाही. एकच पथ्य आहे: उतरलेला डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही, नाहीतर हवेतली मुळे बुडून गुदमरतात. या दोन टोकांच्या मधे मोठ्या टाकीत हवेचे बुडबुडे सोडण्याची पद्धत बसते. पन्नास लिटर पाणी सावकाश तापते, त्याचा सामू सावकाश हलतो. मातीने दिलेली मुदत इथे पाण्याच्या आकारमानातून परत मिळते. टोमॅटो-मिरचीसाठी घरात हीच पद्धत सर्वांत भरवशाची.

अशा बागेला संगणक लागतोच असे नाही. क्रॅट्कीच्या डब्याला तर तो नकोच. पण हवेचा पंप, दिव्यांची वेळ, पाण्याचे तापमान आणि पातळी यांवर घरी कोणी नसतानाही नजर हवी असेल, तर रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक स्वस्तात ते करतो. डीएस१८बी२० हा जलरोधक तापमान-संवेदक तीन तारांवर जोडता येतो. सामूचा संवेदक मात्र कायम पाण्यात ठेवून विसरण्याची वस्तू नाही. सामू ४ आणि ७ च्या प्रमाण-द्रावणांत त्याची जुळणी वरचेवर करावी लागते. म्हणून सामू हातानेच तपासावा आणि आम्ल घालण्याचे काम यंत्रावर सोपवू नये.

या संगणकावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घ्यावी याचे उत्तर बागेच्याच स्वभावात आहे. नवेपणा इथे गुण ठरत नाही. वर्षानुवर्षे न बदलता चालत राहणे, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर मिळणे आणि ती सांभाळणारी मंडळी टिकून राहणे, एवढेच पाहायचे. शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित. सेंटओएस ही असंख्य सर्व्हरवर चालणारी मुक्त प्रणाली होती. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे धरून लोकांनी ती बसवली. डिसेंबर २०२०मध्ये ती सांभाळणाऱ्या रेड हॅट कंपनीने ती मुदत २०२१च्या अखेरीवर आणली. संहिता मुक्त असल्यामुळे रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे वारसदार लगेच उभे राहिले, तरी निर्णय कोणाच्या हाती आहे हे आधी पाहावे, हा धडा खरा.

त्या दृष्टीने डेबियन उजवी ठरते. इयन मर्डॉक यांनी १९९३मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. स्वयंसेवक तो चालवतात, आपला प्रमुख मतदानाने निवडतात आणि १९९७ साली स्वीकारलेल्या सामाजिक कराराने स्वतःला बांधून घेतात. साधारण दोन वर्षांनी तिची नवी स्थिर आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला दीर्घकालीन आधार धरून पाच वर्षे मिळतात. रास्पबेरी पायची अधिकृत प्रणाली डेबियनवरच उभी आहे, सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ही. स्थिर आवृत्तीतले सॉफ्टवेअर जुने असते अशी तक्रार होते. या जुनेपणाची किंमत मार्च २०२४मध्ये कळली. एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा पेरला होता. दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा पिच्छा पुरवताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. तोवर डेबियनच्या चाचणी शाखांत तो शिरला होता. स्थिर शाखेत नव्हता. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती हा दुसरा चांगला पर्याय, आणि ज्यांना युनिक्सची सवय आहे त्यांना फ्रीबीएसडी. रोज नवे काही आणणाऱ्या प्रणाली शिकायला उत्तम आहेत, पण त्या लॅपटॉपवर ठेवाव्यात.

प्रणाली निवडल्यावरही तीन ठिकाणी घात होतो. पहिले ठिकाण मेमरी कार्ड. लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइली बिघडतात, आणि सततच्या नोंदींनी कार्ड झिजते. रास्पबेरी पायच्या प्रणालीत मूळ फाइली केवळ-वाचनीय ठेवून बदल मेमरीत घेण्याची सोय आहे. ती वापरावी आणि दुरुस्त्या घेण्यापुरती महिन्यातून एकदा काढावी. दुसरे ठिकाण घड्याळ. पाय ४ पर्यंतच्या संगणकांत बॅटरीवरचे घड्याळ नाही. ते वेळ इंटरनेटवरून घेतात. वीज आली आणि राउटर सुरूच झाला नाही, तर दिवे भलत्याच वेळी लागतात. डीएस३२३१ या घड्याळ-चिपची छोटी पट्टी जोडली की हा प्रश्न मिटतो. प्रणाली गोठलीच तर काही सेकंदांत तिला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग पायच्या चिपमध्येच असतो. तो तेवढा चालू करावा लागतो.

तिसरे ठिकाण रिले, म्हणजे संगणकाच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारी कळ, आणि त्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. रिलेला दोन बाजू असतात: संगणक मेला तर एक जोडलेली राहते, दुसरी तुटलेली. हवेचा पंप जोडलेल्या राहणाऱ्या बाजूला लावावा, म्हणजे संगणक बंद पडला तरी बुडबुडे चालू राहतात. टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह याच्या उलट, तुटलेल्या बाजूला. नाहीतर खालच्या मजल्यावर पाणी पोहोचते. जोडणी झाल्यावर संगणकाची वायर मुद्दाम उपटून पाहावी. पंप चालू आणि व्हॉल्व्ह बंद असेल तरच रोपे लावावीत.

प्रणालीची मोठी आवृत्ती बदलण्याचा मुहूर्त पिकाच्या हिशेबाने धरावा. नवी स्थिर आवृत्ती आल्यावरही जुनीला पूर्ण सुरक्षा-आधार वर्षभर मिळतो, त्यामुळे घाई नसते. पीक निघाले, टाकी रिकामी करून घासून ठेवली, की दुसऱ्या कार्डावर नवी प्रणाली घालावी, पंप आठवडाभर नुसत्या पाण्यावर चालवावा, आणि जुने कार्ड पुढचे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे.