छायाचित्रातील सत्य

नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर हिवाळी पहाटे टिपलेला खंड्या घरच्या संगणकावर उजळ दिसतो. छापून आणला की मात्र काळवंडतो. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद केवळ त्यावर पडलेला प्रकाश परतवितो. म्हणून छपाईपूर्वी पडद्याची चकाकी कमी करावी, चित्र किंचित उजळावे आणि आधी लहान प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी. इंचाला ३०० बिंदू धरल्यास आठ बाय बारा इंचांच्या प्रतीस २४०० गुणिले ३६०० बिंदू पुरतात.

इथवर प्रश्न हिशेबाचा. खरी कसोटी पुढेच. खंड्याच्या फांदीला पुराने आणलेली प्लॅस्टिकची पिशवी लोंबत असते. संगणकावर ती क्षणात पुसता येते. चित्र देखणे होईल, परंतु नदीची साक्ष खोटी ठरेल.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २०१८ मध्ये एका विजेत्याचे पारितोषिक काढून घेतले. चित्रातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, सांगितली आहे. छायाचित्र हाही एक लेखच. उजेड सावरणे म्हणजे अस्पष्ट अक्षर वाचनीय करणे. पिशवी पुसणे म्हणजे खतावणीतील नकोशी नोंद खोडणे.

दिवाणखान्यातील ते चित्र पाहून एखादे दिवशी नातू विचारील, "आजोबा, ही पिशवी नदीत कोणी टाकली?" त्या प्रश्नासाठी तरी ती राहू द्यावी.