जामखेडच्या बाळंतिणी कोणी मोजल्या?

१/ इतिहासप्रेमींना जामखेड तालुका दोन नावांमुळे ठाऊक असतो. याच तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये अहिल्याबाईंचा जन्म झाला, आणि याच तालुक्यातील खर्डा येथे मार्च १७९५ मध्ये मराठे व निजाम समोरासमोर उभे ठाकले. याच भूमीवरची आणखी एक घटना मात्र क्वचितच सांगितली जाते. तिला १९७० मध्ये आरंभ झाला आणि ती बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत घडली.

२/ अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील हा तालुका कायम अवर्षणाच्या छायेत राहिलेला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले दांपत्य याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत असे. रोगी बरा होऊन घरी जाई आणि काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येई. रोगाचे मूळ गावात होते आणि उपचार मात्र रुग्णालयात चालला होता.

३/ पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते सार्वजनिक आरोग्यशास्त्र शिकले. त्यांचे गुरू डॉ. कार्ल टेलर यांनी पंजाबातील नारंगवाल येथे गावपातळीवरील आरोग्यसंशोधनाचा पाया घातला होता. खाटेवरच्या रोग्याइतकेच दवाखान्यापर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या माणसालाही मोजले पाहिजे, हा या विद्येचा गाभा. ती घेऊन आरोळे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले.

४/ पहिल्या मोजणीत हाती आलेला आकडा होता १७६. जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. म्हणजे साधारण सहांमागे एक. गर्भारपणात तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण होते अर्धा टक्का. दोनशे गर्भवतींमागे एक.

५/ त्या खोलीत काय घडत असे? गर्भवतीने पोटभर जेवू नये, बाळ मोठे होऊन अडेल, असे घरातील वडीलधाऱ्या बायका सांगत. आज हे अज्ञान वाटते. पण ज्या गावाच्या आवाक्यात शस्त्रक्रियेची सोय नाही, तिथे अडलेली बाळंतीण म्हणजे मृत्यूच. लहान बाळ सुखरूप बाहेर येईल, या आशेमागे पिढ्यान्‌पिढ्यांची भीती होती. किंमत मात्र आई रक्तक्षयाने चुकवी आणि बाळ अपुऱ्या वजनाने.

६/ नाळ विळ्याने किंवा हाताशी असेल त्या पात्याने कापली जाई. पहिला चीक टाकून दिला जाई. पाचव्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळी भाग्य लिहिते, ही श्रद्धा महाराष्ट्रभर आहे. नवजात बालकाचा धनुर्वातही बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच प्रकट होतो. पाचवीच्या पूजेमागील धाकधूक किती खरी होती, हे यावरून समजते. पात्यावरचे जंतू कोणाला दिसत नव्हते. दिसत होते ते नशीब.

७/ यात जातीचे सूत्रही गुंफलेले होते. प्रसूती विटाळाची मानली गेल्याने अनेक ठिकाणी सुईणीचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांकडे असे. एरवी जिचा स्पर्श वर्ज्य, तिच्याच हातांत घरातील वंशाचा पहिला श्वास सोपवला जाई. बाराव्या दिवशी सोयर फिटले की पुन्हा दार बंद. तिचे ज्ञान उपयोगी होते. त्याला प्रतिष्ठा नव्हती.

८/ आरंभी आरोळे दांपत्याने प्रशिक्षित परिचारिकांना गावांत पाठवून पाहिले. त्या बाहेरच्या होत्या. गाव त्यांना परके मानी आणि त्यांनाही गावात राहणे अवघड जाई. मग वेगळा मार्ग निघाला: गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी. अशा निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेक प्रौढ होत्या, कित्येक दलित, काही परित्यक्ता वा विधवा. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

९/ या आरोग्यसेविका दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, शिकत. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एकाच पंगतीला जेवायचे आणि एकत्र झोपायचे, हाही शिक्षणाचाच भाग होता. १९७० च्या दशकातील मराठी गावात हा धडा शरीरशास्त्रापेक्षा कठीण होता.

१०/ त्या काय शिकल्या? पोटावर हात ठेवून बाळ आडवे आहे की उभे ते ओळखणे. सुजलेले पाय, रक्तस्राव, ठेंगणी उंची, आधीचे मृत मूल ही धोक्याची लक्षणे हेरणे. धनुर्वाताची लस वेळेवर टोचून घ्यायला लावणे. उकळून निर्जंतुक केलेले पाते आणि दोरा वापरणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची बाळंतीण वेळ न दवडता रुग्णालयात पोहोचवणे.

११/ यांखेरीज त्या मोजत. कोण गर्भार आहे, कोणाचे मूल दगावले, कोणाची पाळी चुकली, याची खबर त्यांच्याकडे असे. फिरते आरोग्यपथक ती वहीत उतरवी. परक्या डॉक्टरसमोर पाळी, शरीरसंबंध, अंगावरून जाणे हे शब्द कोणती सून उच्चारणार होती? पाणवठ्यावर शेजारणीजवळ मात्र ती बोले. संशोधनाला लागणारी माहिती याच विश्वासातून मिळत गेली.

१२/ याच काळात आणीबाणी आली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. जामखेडच्या नोंदी दुसरीच वाट दाखवीत होत्या. जन्मलेले मूल जगेल असा भरवसा आल्यावर जोडपी आपण होऊन थांबू लागली. हजारी ४० असलेला जन्मदर १९८६ पर्यंत २८ वर आला.

१३/ प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७६ मध्ये बालमृत्यूदर १७६ वरून ५२ झाला होता आणि गर्भवतींच्या तपासणीचे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले होते. तेही १९७२ चा दुष्काळ मध्ये येऊन गेला असताना. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाला स्थान दिले. १९७८ मध्ये अल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१४/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. हे आकडे प्रकल्पाचे स्वतःचे आहेत, आणि त्या दशकांत शेजारच्या गावांतही मृत्यू कमी होत होतेच. म्हणून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेला तौलनिक अभ्यास मोलाचा ठरतो. प्रकल्पातील गावे आणि प्रकल्पाबाहेरची गावे यांची त्यात तुलना होती. पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी आढळला.

१५/ पहिल्या महिन्याचे कोडे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला हाताळले गेले. टेलर यांचेच विद्यार्थी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यास शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्याआधी १९८९ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी मांडली होती. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. गर्भारपणापलीकडे स्त्रीला शरीर असते, हे तोवर आरोग्यखात्याच्या कागदांवर फारसे उमटले नव्हते.

१६/ १९८८ मध्ये जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनमधील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातील भव्य झुंबराकडे आणि स्वतःजवळच्या छोट्या दिव्याकडे त्यांनी लक्ष वेधले. झुंबर देखणे आहे, पण महाग आहे आणि आहे तिथेच राहते. लहान दिवा स्वस्त असतो, कुठेही नेता येतो आणि त्याच्यावर दुसरा दिवा लावता येतो, असा त्यांचा आशय होता. ज्यांना शतकानुशतके केवळ मोजले गेले, त्यांच्यातील एक आता मोजणीचा अर्थ जगाला सांगत होती.

१७/ २००५ पासून देशभर आशा सेविका आल्या. त्यांच्या निवडीत शालेय शिक्षणाची अट असते. या अटीने जामखेडच्या पहिल्या फळीतील बहुतेक बायका दारातच अडल्या असत्या. अट घालणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. नोंदी लिहाव्या लागतात, अर्ज भरावे लागतात. तरीही ज्यांच्या खबरीवर १७६ चे ५२ झाले, त्यांना तो कागद वाचता येत नव्हता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१८/ मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्या पहिल्या आरोग्यसेविकांवर बखर नाही, त्यांचे पोवाडे नाहीत. त्यांचा इतिहास वह्यांतील जन्ममृत्यूंच्या रकान्यांत आहे आणि आज पन्नाशीत असलेल्या त्या माणसांत आहे, जी त्या रकान्यांत मृत्यूच्या बाजूला गेली नाहीत. खर्ड्याचा किल्ला पाहायला जाणाऱ्यांना वाटेत ती भेटतात. कोणी चहा देतो, कोणी रस्ता सांगतो.