आवडलं की आवडायचं?

वयाच्या पासष्टाव्या वर्षी माणसानं गुडघे सांभाळावेत, नवी भाषा शिकू नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. पण लेकीनं आम्हांला थेट स्पेनमधल्या वालेन्सियाचा जावई आणला आणि विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज काही येत नाही. शेवटी मुलीकडच्यांनीच नमतं घ्यायचं असतं. मी शिकवणी लावली.

पहिल्याच महिन्यात माझी मान ताठ झाली. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. इंग्रजीत माणूस कर्ता होऊन बसतो आणि आंब्याचं कर्म करून टाकतो. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखाच आंबा मानाच्या पाटावर आणि आपण 'मला' म्हणून बाजूला हात जोडून उभे! आंबे अनेक झाले की क्रियापदही अनेकवचनी: 'मे गुस्तान'. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, तुम्हांला हे शिकवावंच लागत नाही." फक्त एक ताकीद दिली. माणसाला उठसूट 'मे गुस्तास' म्हणायचं नाही. 'मला तू आवडतेस' यात तिकडेही वेगळाच रंग येतो. "विहीणबाईंना तर मुळीच नको हं, काका!"

मग भूतकाळ आला. तिथं आवडीला दोन भूतकाळ. सिनेमा पाहिला, आवडला: 'मे गुस्तो'. एक प्रसंग, झाला, संपला. लहानपणी चिंचा आवडायच्या: 'मे गुस्ताबान'. कधी सुरू झालं, कधी थांबलं, हिशेबच नाही. कारलं आवडायचं नाही: 'नो मे गुस्ताबा'.

"अहो, हे तर आपलंच! आवडलं आणि आवडायचं!" मी आनंदानं ओरडलो.

स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "मला बघून गेल्यावर मामंजींनी काय कळवलं होतं?"

"मुलगी आवडली."

"म्हणजे 'गुस्तो'. एक प्रसंग, झाला, संपला!"

त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं.

पुढे वालेन्सियाला गेलो. रविवारी विहीणबाईंनी पाएया केला. पसरट कढईत भात, कोंबडी, ससा आणि शेंगा. सशाचं नाव ऐकताच सौ.नं पावावर भागवलं. मी मात्र ताट चाटूनपुसून साफ केलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "मे गुस्ताबा!"

विहीणबाईंचा हात हवेतच थांबला. लेक कुजबुजली, "बाबा, तुम्ही म्हणालात, पूर्वी आवडायचा!"

"गुस्तो! गुस्तो!" मी घाईघाईनं दुरुस्ती केली. विहीणबाई खळखळून हसल्या. कढईच्या तळाला धरलेली खरपूस खरवड (तिला तिथं 'सोकार्रात' म्हणतात) त्यांनी उलथन्यानं सोडवली आणि मोठा वाटा माझ्या ताटात वाढला. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहून हळूच म्हणाल्या, "ले गुस्ताबा मूचो."

त्यांना फार आवडायची. व्याही जाऊन चार वर्षं झाली होती.

या वाक्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही. एकही धडा न शिकलेल्या सौ.लाही नाही. ती उठली आणि विहीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी ती खरवड शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. आवड संपलेली नव्हती, माणूस तेवढं गेलं होतं. आणि ही गोष्ट 'गुस्तो'त मावत नाही.

रात्री अंथरुणावर सौ.नं विचारलं, "अहो, पुढेमागे माझ्याबद्दल बोलायची वेळ आली, तर तुम्ही यातला कुठला भूतकाळ वापराल?"

"भूतकाळात मी आजच नापास झालोय," मी म्हटलं. "मला फक्त वर्तमानकाळ येतो. मे गुस्तास."

"म्हणजे काय?"

"काही नाही. विहीणबाईंना म्हणायचं नसतं, असं काहीतरी."