कोपऱ्यातला जुना गडी

बालमित्रांनो, आज तुम्हांला एक कोडं घालतो. उत्तर मात्र लगेच द्यायचं नाही. लेख संपेपर्यंत डोक्यात घोळवत ठेवायचं.

समजा, तुमच्या गावचा कबड्डीचा संघ आहे. सहा गडी पक्के झाले. सातवी जागा रिकामी आहे. दोघे जण तिथं उभे राहायला तयार. एक सतरा वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा. दुसरा पस्तिशीचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला, पण वीस वर्षं मैदानाची माती अंगाला लावलेला. जागा एकच. कुणाला घ्याल?

"त्यात काय एवढं? जो चांगला खेळतो त्याला!" असं तुम्ही पटकन म्हणाल. बरोबर आहे. पण 'चांगला' म्हणजे काय, आणि तो ओळखायचा कसा? खरी मेख तिथंच आहे.

आधी ही सातवी जागा कोणती, ते सांगतो. ती आहे कोपऱ्याची. कबड्डीत सात गडी कमानीसारखे उभे राहतात. कमानीच्या दोन टोकांना दोन कोपरारक्षक, एक डावा आणि एक उजवा. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढं आणखी एक मीटरवर बोनस रेषा. चढाई करणारा गडी बोनस मिळवायला पाय लांबवतो, तो नेमका कोपऱ्याच्या पुढ्यात. तेवढ्या क्षणात झेप घेऊन त्याचा घोटा धरायचा, हे कोपऱ्याचं काम. झेप पाव सेकंद लवकर पडली तर पाय निसटतो, पाव सेकंद उशिरा पडली तर गडी मध्यरेषेकडं पसार होतो. अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात त्यातही असा एक कडेचा राखणदार असतो. त्याला कॉर्नरबॅक म्हणतात. खेळ निराळा, पण दुखणं तेच! त्याची चूक साऱ्या मैदानाला दिसते आणि त्याचं शहाणपण फारसं कुणाला दिसत नाही.

आता एक खरीखुरी गोष्ट ऐका. प्रो कबड्डी लीग 2014 मध्ये सुरू झाली. आपल्या महाराष्ट्राचे तिच्यात दोन संघ, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. यू मुंबाने 2015 मध्ये विजेतेपद मिळवलं. पुण्याला मात्र पुढची कितीतरी वर्षं अंतिम सामनाही गाठता आला नव्हता. मग 2022 च्या लिलावात पुण्याने एक गडी घेतला, इराणचा फझल अत्राचली. किंमत 1 कोटी 38 लाख रुपये!

फझल हा डावा कोपरारक्षक. जन्म 1992 चा, म्हणजे तेव्हा तो तिशीत पोचला होता. 2015 मध्ये विजेत्या मुंबईच्या संघात तो होता, 2016 मध्ये विजेत्या पाटण्याच्या संघातही होता. 2018 च्या लिलावात मुंबईने त्याला 1 कोटीला घेतलं. एक कोटीची बोली लागलेला या लीगमधला तो पहिला खेळाडू. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपान्त्य सामन्यात भारताला 27-18 असं हरवलं. 1990 मध्ये कबड्डी त्या स्पर्धेत आली तेव्हापासून पुरुषांचं सुवर्णपदक भारताकडून कुणी घेतलं नव्हतं. ते त्या वर्षी गेलं. हरवणाऱ्या इराणचा कर्णधार हाच फझल.

नाव मोठं होतं, यात शंकाच नाही. पण तिशीतल्या गड्यावर एवढा पैसा लावावा का? पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशी तरुण पोरं होती. चढाया करून गुण आणणारी पोरं होती, पण मागं उभं राहून संघाला धीर देणारं कुणीतरी हवं होतं. पुण्याने फझलला घेतलं आणि कर्णधारही केलं. त्याच हंगामात तो लीगच्या तोवरच्या इतिहासातला सर्वांत जास्त पकडगुणांचा धनी झाला, आणि पुणेरी पलटण पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेली. 17 डिसेंबर 2022 ला मुंबईत जयपूरने त्यांना 33-29 असं हरवलं. आता तुम्हीच सांगा, ही निवड बरोबर की चूक? चषक तर आला नाही. पण जिथं संघ कधी पोचला नव्हता तिथं तो पोचला. थांबा, उत्तराची घाई नको म्हटलं ना!

हे सगळं मी तुम्हांला का सांगतोय? कारण अगदी हाच प्रश्न आमच्या गावात माझ्या पुढ्यात आला. मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवतो. गावच्या मंडळाच्या सामन्यांचे गुण मी लिहितो. मंडळाचा डावा कोपरा रिकामा झाला. बारावीतला एक मुलगा त्या जागेची वाट पाहत होता. तेवढ्यात एक जुना खेळाडू पुन्हा खेळायला आला. तो जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये पाळीने काम करतो. एका आठवड्याला दिवसपाळी, तर दुसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. त्याची मुलगी माझ्याच वर्गात, चौथीत.

पारावर दोन तट पडले. "म्हातारा बैल कशाला बांधता दावणीला?" असं पोरं म्हणत. "काल मिसरूड फुटलेल्यांना काय कळतंय?" असं जाणती माणसं म्हणत. शेवटी मंडळाची पोरं माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, तुमच्याकडं वही असते. तुम्हीच सांगा."

तो जुना गडी मात्र एवढंच म्हणाला, "सर, मला घ्याच असं माझं म्हणणं नाही. बघा आणि मग ठरवा."

बघा आणि मग ठरवा! किती साधं वाक्य आहे, पण आपण बहुतेक वेळा आधी ठरवतो आणि मग बघतो. आपल्याकडं शेतकरी बैलबाजारात जातो, तेव्हा काय करतो? नुसती शिंगांची रंगोटी बघून पैसे मोजतो का? तो दात बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो, दहा पावलं चालवून बघतो. आणि घरी कोणता बैल आहे, त्याच्या जोडीला हा चालेल का, हा विचार सगळ्यांत आधी करतो. खोंडाच्या जोडीला शिकलेला बैल लागतो, हे त्याला शिकवावं लागत नाही. माणूस काही बैल नव्हे, पण पारखण्याची रीत मात्र तीच.

मी चौथीच्या मुलांना कामाला लावलं. संध्याकाळी सरावाचे तीन सामने ठरवले. प्रत्येक सामन्यात दोघांनाही आळीपाळीने डाव्या कोपऱ्यात उभं करायचं, आणि मुलांनी वहीत खुणा करायच्या. पकड झाली की बरोबरची खूण, निसटली की फुली.

आता इथं थोडं गणित करू. समजा, एका गड्याने 20 वेळा पकडीचा प्रयत्न केला आणि 10 वेळा तो यशस्वी झाला. दुसऱ्याने 12 वेळा प्रयत्न केला आणि 7 वेळा यशस्वी झाला. भारी कोण? "दहावाला!" असं वर्ग ओरडला. पण फसलेली पकड फुकट जात नाही हं! प्रत्येक फसलेल्या पकडीला समोरच्याला निदान एक गुण मिळतो आणि आपला गडी बाद होतो. म्हणजे पहिल्याने 10 कमावले आणि 10 गमावले. हाती शून्य. दुसऱ्याने 7 कमावले आणि 5 गमावले. हाती दोन. शेकड्यात मांडलं तर पहिल्याचे 50 आणि दुसऱ्याचे 58. वर्ग एकदम गप्प झाला. बेरीज सगळ्यांना येते, पण वजाबाकी करायची आठवण राहत नाही.

आमच्या वहीतही जवळजवळ असंच चित्र दिसू लागलं. बारावीतल्या मुलाच्या बरोबरच्या खुणा जास्त होत्या, आणि फुल्याही जास्त होत्या. जुना गडी कमी वेळा झेपावत होता, पण त्याची झेप सहसा वाया जात नव्हती.

मग वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सर, भाऊ स्वतः धरत नाहीत तेव्हा शेजारचा धरतो. त्याचं काय लिहायचं?" शाब्बास! मी नीट पाहिलं, तर खरंच तसं होतं. चढाईवाला आत आला की हा जुना गडी बारीक आवाजात बोलत राही. "थांब, थांब... आता!" त्या 'आता'बरोबर शेजारचा मध्यरक्षक तुटून पडे. गुण मध्यरक्षकाच्या नावावर जमा होई, पण त्यातली निम्मी कमाई कोपऱ्याची होती. आम्ही वहीत तिसरा रकाना पाडला आणि त्याला नाव दिलं 'हाक'.

चौथा रकानाही पाडावा लागला, तो दमाचा. तिथं जुन्या गड्याची बाजू पडकी निघाली. दुसऱ्या डावात त्याची पावलं जड होत. रात्रपाळी करून आला त्या दिवशी तर पहिल्या डावातच. हेही लिहिलं. चांगलं तेवढंच लिहिलं तर ती पारख कसली? ती तर लग्नाची पत्रिका झाली!

आणि आता सांगतो ती गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. तिसऱ्या सामन्यात वही होती त्याच्या मुलीच्या हातात. सामना अगदी बरोबरीत. चढाईवाल्याने पाय लांबवला, बाबांनी झेप घेतली. घोटा हाताला लागला आणि निसटला. गुण गेला. आजूबाजूची पोरं मैदान सोडून तिच्या पेन्सिलीकडं बघायला लागली. तिने मान वर केली नाही. पेन्सिल जिभेला लावली आणि एक ठसठशीत फुली काढली. सामना संपल्यावर बाबा वहीपाशी आले, फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंस. माझी घाई झाली होती."

मित्रांनो, ज्या घरात असं बोललं जातं त्या घराची श्रीमंती मोजायला कोणता रकाना पाडायचा?

वहीवरून मी मंडळाला माझं मत सांगितलं. आपले मध्यरक्षक कच्चे आहेत, त्यांना हाक देणारा माणूस हवा. म्हणून पहिल्या डावात कोपरा जुन्या गड्याचा. दुसऱ्या डावात बदली म्हणून बारावीतला मुलगा. रात्रपाळीच्या आठवड्यात तो मुलगाच पूर्ण सामना खेळेल. आणि पहिल्या डावात त्याने माझ्याजवळ बसून वही लिहायची.

सगळ्यांना ते पटलं असं नाही. तो मुलगा दोन दिवस मैदानावर फिरकला नाही. त्याला वाईट वाटणारच. वर्षभर ज्या जागेची वाट पाहिली ती अर्धीच हाती आली. तिसऱ्या दिवशी जुना गडी स्वतः त्याच्या घरी गेला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी दोघे बरोबर आले एवढं खरं. स्पर्धेत आम्ही उपान्त्य सामन्यात हरलो. चषक काही गावात आला नाही. पण त्या मुलाच्या फुल्या हळूहळू कमी झाल्या. एकदा वही लिहिता लिहिता तो म्हणाला, "सर, आधी मी नुसता पाय बघायचो. आता चढाईवाल्याची नजर कुठं आहे तेही दिसतं."

आता फझलचं पुढं काय झालं ते ऐका. 2023 च्या लिलावात पुण्याने त्याला पुन्हा घेतलं नाही. तो 1 कोटी 60 लाखांना गुजरातकडं गेला. पुण्याने त्याच जागेसाठी इराणचाच, वयाने बराच लहान असलेला मोहम्मदरेझा शादलुई 2 कोटी 35 लाखांना आणला, आणि कर्णधार केला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारला. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणाला 28-25 असं हरवून पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती झाली. "बघा, तरुणच बरा!" असं म्हणाल ना?

जरा दम धरा! 2024 मध्ये फझलची किंमत 50 लाखांवर आली. तो बंगालकडून खेळला. पुढच्या हंगामात दिल्लीने त्याला घेतलं, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. आणि 31 ऑक्टोबर 2025 ला अंतिम सामन्यात दिल्लीने 31-28 असं हरवलं, कुणाला ठाऊक आहे? पुणेरी पलटणला! त्या दिल्लीचा प्रशिक्षक होता जोगिंदर नरवाल. दिल्लीने 2022 च्या फेब्रुवारीत पाटण्याला 37-36 असं हरवून पहिला चषक जिंकला, तेव्हा हाच जोगिंदर त्यांचा कर्णधार होता. त्या संघात मनजीत छिल्लर, जीवा कुमार आणि स्वतः जोगिंदर असे तिशी ओलांडलेले राखणदार होते. जुन्या गड्याचं मोल काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग आपल्या कोड्याचं उत्तर काय? जुना बरा की नवा? मला विचाराल तर हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा, की यंदा आपल्या संघाला काय कमी आहे, आणि ते कोण भरून काढील? 2022 मध्ये पुण्याच्या तरुण पोरांना आधार हवा होता. पुढच्या वर्षी ती पोरं स्वतःच्या पायावर उभी होती. संघ बदलला, तसं उत्तरही बदललं.

तुमच्या शाळेच्या संघाची निवड होईल, तेव्हा अशी एक वही जरूर करा. पकड, फुली, हाक आणि दम, हे चार रकाने पाडा. वही लिहायला कुणालाही बसवा, मित्राला, भावाला, नाहीतर बहिणीला. अट एकच. आपल्या माणसाची फुली आली, तरी पेन्सिल थांबता कामा नये.